तिसरा गिअरबॉक्स

प्रिय धाकल्या,

तुझ्या जिवाला घोर नको म्हणून पहिल्याच ओळीत सांगते: गिअरबॉक्स शाबूत आहे. आता जहाजावरच्या त्या तुझ्या खुराड्यात पाय पसरून बस आणि पुढचं सावकाश वाच. फोनवर सांगता आलं असतं, पण तुझा फोन आला की तुझी लेक माझ्या कानाला कान चिकटवून बसते, आणि अर्धं बोलणं तुझा समुद्र गिळतो. शिवाय मला मनसोक्त बोलायचंय, आणि लहानपणापासून तू मला एक वाक्य धड पुरं करू दिलेलं नाहीस. आज बरा तावडीत सापडलास.

दुसरा गिअरबॉक्स फुटला तेव्हा तू समुद्रातूनच निकाल देऊन टाकलास, की तिसरा गेला तर पोरीची ती चार चाकांची शर्यतीची क्वाड विकायची आणि पोरीने मुकाट्याने बॅडमिंटन खेळायचं. मला वाटलं भिंगरी आकांडतांडव करेल. तिने काही केलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतून थेट माझ्या सायकलच्या दुकानात आली, पंक्चरच्या पाण्याच्या टबाशेजारी दप्तर ठेवलं आणि म्हणाली, आत्या, माझं नेमकं काय चुकतंय ते शोध, मी ते करायचं बंद करते. बाकी काही नको. तिचा तो शहाणा, गंभीर चेहरा बघून मला भडभडून आलं. आपण दोघांनी उभ्या जन्मात असा चेहरा केलेला नाही. शेजारच्या शिंपीणबाईंनीसुद्धा हातातलं काम थांबवलं. एरवी त्या आपल्या क्वाडला ‘हँडलवाला खेकडा’ म्हणतात आणि चार चाकं असून वर छप्पर नाही ही गोष्ट त्यांना अजून पटलेली नाही.

ट्रॅकवर सगळे तिच्या अंगठ्याच्या डोक्यावर खापर फोडत होते. उंचवट्यावरून गाडी हवेत उडाली की तिचा अंगठा हँडलवरच्या अ‍ॅक्सिलरेटरवर तसाच दाबलेला राहायचा. हवेत चाकं मोकळी फिरतात, जमिनीला टेकताच गपकन अडतात, आणि तो सगळा हिसका चेनमधून सरळ गिअरबॉक्सला बसतो. म्हणून मी उंचवट्याच्या कडेला उभी राहू लागले. ती उडाली की मी माझा अंगठा वर करायचा, तो बघून तिने तिचा उचलायचा. लोकांना वाटायचं, आत्या काय कौतुक करते भाचीचं! रिव्हर्सचाही नियम झाला, की गाडी पूर्ण थांबल्याशिवाय मागचा गिअर टाकायचा नाही. (हा तुलाही लागू आहे. तू बाबांच्या गाडीला पुढे पळत असताना मागे न्यायचास, तो खर्रर्र आवाज मी विसरलेले नाही.) पोरगी इतकी तयार झाली की जेवताना खुर्चीवरून उडी मारली तरी अंगठा वर. तुझी बायको, आपली नर्सबाई, ड्यूटीवरून दमून आलेली असायची, आणि समोर नवरा नाही, पण अंगठे दाखवणाऱ्या दोघी वेड्या.

आणि एवढं करूनही, तिसरा गिअरबॉक्स बसवून फार दिवस झाले नाहीत तोच त्याच्या तेलात चमचम दिसली. धातूचा चुरा. भिंगरी तेलाच्या डब्यात बघत राहिली आणि हळूच म्हणाली, पण आत्या, मी अंगठा उचलत होते ना? तिथे ट्रॅकवरच्या ओळखीचे एक दंतवैद्य देवासारखे धावून आले. त्यांचा मुलगा आपल्या भिंगरीच्याच गटात पळतो, तरी बिचारे तोंडात घालायचा तो इवलासा आरसा आणि कपाळावरचा दिवा घेऊन दुकानात हजर. झाकण उघडून, डोळा बारीक करून त्यांनी आतला प्रत्येक गिअर तपासला आणि पेशंटला सांगतात तशा आवाजात म्हणाले, दात उत्तम आहेत हो, हिरडी सुजली आहे. म्हणजे काय, तर गिअर सगळे धड होते. चेन ज्या दांड्यावर फिरते त्या दांड्याचं बेअरिंग खिळखिळं झालं होतं. हिसक्याने गिअरचे दात तुटले असते. इथे तर कुणीतरी त्या दांड्याला सतत मागे ओढत होतं.

कुणीतरी म्हणजे कोण, ते माझ्या बोटाला कळलं. बेअरिंग बदललं, गाडी स्टँडवर घेतली आणि तू शिकवून गेलास तशी चेन लावली, एक बोट ढील ठेवून. मीही सायकलवाली. आमच्यात चेन स्टँडवर, रिकाम्या गाडीवरच बघतात, त्यात मला काही वावगं वाटलं नाही. गाडी खाली घेतली, शेवटचं एकदा बघू म्हणून चेनखाली बोट घातलं, आणि त्याच वेळी बाईसाहेब आरामात सीटवर चढून बसल्या. गाडीचं बूड खाली दबलं, चेन तारेसारखी ताणली आणि माझं बोट चिमट्यात! मी अशी किंचाळले की शिंपीणबाई कात्री घेऊनच धावत आल्या. बोट सुटल्यावर मी ते तोंडात घातलं आणि तशीच थांबले. मग तिला म्हटलं, उतर. चेन सैल. बस. चेन ताठ. उतर, बस, उतर, बस. दहा वेळा करायला लावलं. चौथ्या वेळेपासून आम्ही दोघी हसत सुटलो होतो. शिंपीणबाईंना वाटलं, बोटाचा मार डोक्यात गेला.

धाकल्या, तू एक बोट सांगितलंस ते चूक नव्हतं. तू गेलास तेव्हा ही चिमणी सीटवर बसली तरी गाडीला पत्ता लागत नसे. आता लागतो! ती बसते, मागचा शॉक-अब्सॉर्बर दबतो, उडी मारून टेकते तेव्हा आणखी दबतो, आणि तितकी चेन ताणून दांड्याला ओढते. पोरगी वाढली रे. अंगठा नाही, काही नाही, तिचा गुन्हा एवढाच की ती वाढली. मी रोज तिच्या ताटात वाढते आणि माझ्या लक्षात आलं नाही. आता आमची पद्धत बदलली. तिने बूट, हेल्मेट, सगळा जामानिमा घालून बसायचं, नर्सबाईने मागून भार द्यायचा, चेन सगळ्यात जास्त ताणते तिथेही ढील उरली की मगच मी पाना आवळायचा. रिकाम्या गाडीवर ती चेन इतकी लोंबते की बघून माझे हात शिवशिवतात. पण हात आवरते.

रविवारी शर्यत झाली. तुझी बायको, जी इस्पितळात भल्याभल्या जखमा न डगमगता बांधते, ती डोळे मिटून उभी होती आणि मला विचारत होती, झालं का? पडली का? भिंगरी प्रत्येक उंचवट्यावर उडाली, प्रत्येक वेळी अंगठा वर, आणि चौथी आली. दंतवैद्यांचा मुलगा तिसरा. हरली म्हणून तिला वाईट वाटायला पाहिजे होतं, पण ती चौथ्या नंबरवर अशी नाचली की पहिला आलेला मुलगा आपलं बक्षीस विसरून तिच्याकडे बघत राहिला. या मोसमात पहिल्यांदाच ती गाडी ढकलत नाही, चालवत परत आली होती. मी तिथेच तेल काढलं. स्वच्छ! मी रडले, सांगून टाकते. तेव्हा क्वाड विकायची नाही. तुझा निकाल आम्ही फिरवला आहे.

पण विकायची नाही म्हटलं तरी ती तिला फार दिवस पुरणार नाही. आत्ताच तिचे गुडघे हँडलला लागतात. मोसमाची शेवटची शर्यत एवढीच काय ती या गाडीवर, मग मोठी गाडी, मोठा गट. तू मागच्या फोनवर विचारलंस, जहाजावर आणखी एका फेरीची सही करू का, आणि मी म्हटलं, तुला योग्य वाटेल ते कर. ते मी उगाच शहाणपणाने म्हटलं. शर्यतीनंतर तिचं हेल्मेट काढत होते तेव्हा तिने मला विचारलं, आत्या, बाबा आला तर एवढ्या सगळ्या हेल्मेटांत तो मला ओळखेल का? मी म्हटलं, वेडी का काय, बाप आहे तो. म्हटलं खरं, पण तेव्हापासून मला चैन नाही. कारण तू सगळ्यात छोटी शोधशील, आणि आता ती सगळ्यात छोटी नाही. सही करू नकोस, धाकल्या. शेवटच्या शर्यतीला ये. निळं हेल्मेट, लांब पाय, तीच तुझी आहे.

तुझीच, चिमटलेल्या बोटाने लिहिणारी,
ताई