जुन्या पोस्टात कोंडले गेले त्याची हकीकत

लोणावळा,
८ ऑक्टोबर १९६७

चि. दिगंबर यास ताईचे पोटभर आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना कठडा धरत जा, ऐट नको. सौ. नीरजाने पाठवलेली चटणी पोचली (फार तिखट आहे, पण तिला सांगू नकोस). महिनाअखेरीस ट्रक पाठवून मला कायमची पुण्याला नेतोस, माझी खोलीसुद्धा रंगवून ठेवलीस, हे वाचून डोळे भरून आले. आता तिथे तुझे आहे कोण, हे तुझे म्हणणे मला पटले. म्हणून एकेकाचा निरोप घेत सुटले आणि फजिती करून घेतली.

वलवणच्या रस्त्यावरच्या आपल्या जुन्या पोस्टाचाही निरोप घ्यावा असे मनात आले. (घाटात रेल्वे नव्हती तेव्हा डाकेचे घोडे तिथे बदलत, हे बाबा प्रत्येकाला सांगत, ऐकणारा बिचारा तिकिटासाठी आलेला असे.) बाबा तिथले शेवटचे पोस्टमास्तर. बाजारात नवे ऑफिस झाल्यापासून ते बंदच आहे. मागचे दार ढकलले तर उघडले. आत वटवाघळांचा वास, पागेत कुणाचे तरी गवत, पण बाबांची खिडकी जागच्या जागी. पदराने धूळ पुसली आणि ते बसत तिथे, एका पालथ्या खोक्यावर, जरा टेकले. तेवढ्यात वाऱ्याने दार धाडकन लागले. पावसाने फुगलेले लाकूड, माझ्याने हलेना. मग खिडकीची झडप उघडून (कॉन्व्हेंटात मदरनी हे असभ्य म्हणून शिकवले होते तरी) हाका मारल्या.

बुधवारच्या बाजाराहून परतणारी भागुबाई थबकली. "पोस्ट उघडलं व्हय, मावशी?" म्हटले, अगं, कोंडले गेलेय! तिने मागून येणाऱ्या वाडीतल्या केरबाला पहार आणायला पिटाळले आणि पिशवीतून कोरे कार्ड काढले (लिहिणारा भेटेल तेव्हा भेटेल, म्हणून ती ते जवळच बाळगते). "बसलायसाच तर माझ्या शिदूला दोन वळी लिवा की." शिदू तिचा मुलगा, पलटणीत आहे. "म्हस याली म्हनून लिवा. मला रडू येतं त्ये लिवू नगा." मी ते लिहिले नाही, पण कार्डावर एक थेंब पडलाच, आणि तो तिचा नव्हता.

उघडी खिडकी पाहून सरुबाई आली, तिच्यामागून आणखी दोघी. केरबा पहार घेऊन आला तर सरुबाई त्याच्यावरच ओरडली, "थांब रं मुडद्या! दार उघडू नगंस. उघडलं की बाई जात्याल!" केरबाने पहार भिंतीला टेकवली आणि मुकाट्याने रांगेत उभा राहिला. त्यालाही बहिणीला लिहायचे होते.

उन्हे कलल्यावर माझी सुटका झाली. भागुबाईने विचारले, "आता फुडल्या बुधवारी कवा उघडनार?" मी म्हटले, नऊला. तोंडातून कसे निघून गेले कोण जाणे.

असो. सामान बांधणे चालू आहे. दोघे जपून राहा.

तुझी,
इंदूताई

ता. क. सामान बांधणे चालू आहे हे खोटे. सोडणे चालू आहे.

आणखी ता. क. रंगवलेल्या खोलीत दिवाळीला येऊन राहीन, चांगली आठवडाभर. ट्रक सांगून बसला असशील तर येऊ दे. त्यात तुझ्या माळ्यावरची बाबांची उंच खुर्ची घाल. खोक्यावर बसले की खिडकीतून माझे नुसते कपाळ दिसते. परतताना ट्रक रिकामा येईल. रागावू नकोस, राजा.