कपाटापायी गेलेली कंबर

आदरणीय मेव्हणेबुवा,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग हे लिहिण्यापुरतंच समजा. सध्या मी जमिनीवर आडवा झालो तर मला उभं करायला दोन माणसं आणि अर्धा तास लागतो, म्हणून हा नमस्कार उभ्यानेच, फ्रीजवर कागद ठेवून लिहितो आहे.) तुमची तब्येत, तुमच्या घरच्यांचा गुडघा आणि गोदामातली तुमची नवी पाळी हे सगळं ठीक आहे असं धरून चालतो. इकडे तुमच्या ताईची प्रकृती होती तशीच. उजवी बाजू अजून रुसलेली, बोलणं जिभेतच अडखळतं, पण डावा हात आणि दोन्ही डोळे असे चालतात की घरात माशी कुठे बसली तेही हिला माझ्याआधी कळतं. हे पत्रही नेहमीप्रमाणे तिला वाचून दाखवीन आणि पाकिटाला डिंक तीच लावेल. आजारपणानंतर घरातलं हे एक खातं तिने कोणाच्या हाती दिलेलं नाही.

तर मुख्य हकीकत अशी की माझी कंबर गेली. कशाने, तर कपाटाने. हो, तेच, बैठकीतलं. तीस वर्षं मी दुकानादुकानांतले तराजू तपासत फिरलो आणि निवृत्त होताना खात्याने बाद झालेली वजनं मला भेट दिली. (निरोप देताना माणसाला काय द्यावं हे कोणालाच सुचलं नाही, त्याचा हा पुरावा.) पन्नास ग्रॅमपासून वीस किलोपर्यंतची ती सगळी बिऱ्हाडं त्या कपाटात आहेत. अशा कपाटामागे मला बारा दिवसांपूर्वी सकाळी सकाळी झाडू मारावासा वाटला. का वाटला ते विचारू नका. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्याच्यामागे एकदाही डोकावलेलो नाही, आणि हे वाक्य वाचून दाखवताना तुमची ताई माझ्याकडे कशी बघेल तेही मला ठाऊक आहे. कपाट खोलीच्या मधोमध आलं, कंबरेत कट् झालं आणि उजव्या पायातून अंगठ्यापर्यंत अशी कळ गेली की मी आईला हाक मारली. तिला जाऊन वीस वर्षं झाली. कपाट अजून मधोमधच उभं आहे, टीव्ही बघायचा तर मान बाजूने काढून बघावा लागतो.

पहिले दोन दिवस मी घरगुती तज्ज्ञांच्या ताब्यात होतो. वरच्या मजल्यावर एक निवृत्त बसचालक राहतात. त्यांची स्वतःची कंबर तीनदा गेलेली, त्यामुळे या विषयात ते स्वतःला प्राध्यापक समजतात. त्यांनी दारातूनच निदान केलं, गादी सरकली. उपाय एकच, दाराच्या चौकटीला लोंबकळायचं, ती आपोआप जागेवर जाते. मी लोंबकळलो. गादी गेली नाही, चौकट आली. मग एमआरआयच्या नळीत वीस मिनिटं निजलो, कानाशी कोणी पत्रे ठोकत बसल्यासारखा आवाज ऐकला, आणि माझ्याच पाठीचा आतून काढलेला फोटो घेऊन घरी आलो. आयुष्यात माझा एकही फोटो बरा आलेला नाही, हाही नाही.

तो फोटो घेऊन मी मणक्यांवर हाताने उपचार करणाऱ्या कायरोप्रॅक्टरकडे गेलो. (हा शब्द मला अजून एका दमात म्हणता येत नाही. घरात आम्ही त्यांना मणकेबाई म्हणतो.) माझी कल्पना अशी की आत कोणी आडदांड गडी असेल, मला पिळून काढेल, कडाड् आवाज होईल आणि मी ताठ बाहेर पडेन. निघाल्या माझ्या खांद्याला लागणाऱ्या, चष्मा लावलेल्या, हजेरी घ्यावी तशा सुरात बोलणाऱ्या एक बाई. कडाड् तर राहिलंच, पहिला अर्धा तास त्यांनी पाठीला हात लावला नाही. हातोडीने गुडघे ठोकले, पायाला टोचून इथे कळतंय का, तिथे कळतंय का विचारलं, पायाचा अंगठा वर उचलायला लावून स्वतःच्या एका बोटाने दाबला (माझा अंगठा हरला), आणि लघवीला नीट होतं ना, हे इतक्या मोठ्याने विचारलं की बाहेर ताटकळलेल्या मंडळींनी माझ्या उत्तरासाठी कान टवकारले असतील. ते बिघडलं किंवा पाय लुळा पडू लागला तर माझ्याकडे येऊ नका, थेट हॉस्पिटल गाठा, असंही बजावलं. स्वतःकडे येऊ नका म्हणणारा वैद्यकीय माणूस मी पहिल्यांदाच पाहिला, तेव्हापासून माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

मग त्यांनी मला माझीच पाठ समजावून सांगितली. सरकत वगैरे काही नसतं म्हणे. दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते, बाहेरून चिवट, आतून मऊ. वाकून, पिळवटून भार घेत राहिलं की वरचं आवरण कमजोर होतं, आणि एक दिवस उशीची शिवण उसवून कापूस डोकवावा तसं आतलं बाहेर येतं आणि शेजारून पायाकडे जाणाऱ्या शिरेवर चढून बसतं. म्हणून दुखणं कंबरेचं आणि बोंब अंगठ्याची. बाहेर आलेलं बहुतेकदा शरीर हळूहळू आटवतं, दोन-तीन महिने सोसावं लागतं. तोवर त्यांच्या टेबलावर पालथं पडायचं (त्याचा खालचा भाग हलकेच झुकतो आणि पाठ ताणली जाते, लाज वाटावी इतकं बरं वाटतं), रोज चालायचं, दिलेले व्यायाम करायचे. कडाड् कधी, म्हणून मी आशेने विचारलं, तर म्हणाल्या की तुमच्या या दुखण्यात ते करायचं नाही. आणखी म्हणाल्या, हे एका दिवसाचं काम दिसत नाही, एका कपाटाने एवढं होत नाही. मी म्हटलं, बाई, तुम्ही आमचं कपाट पाहिलेलं नाही. शेवटी एक रिकामं खोकं उचलून दाखवायला लावलं आणि मला नापास केलं. पाच किलोंच्या वर काही उचलायचं नाही अशी ताकीद मिळाली. पाच किलो म्हणजे काय हे मला शिकवणारं माणूस अजून जन्माला यायचंय!

आता पाच किलोंच्या वरची, रोज उचलावी लागणारी, अशी या घरात एकच वस्तू आहे. (वस्तू म्हटल्याबद्दल माझ्या दिशेने चमचा येईल, मी तयारीत आहे.) पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात, परत खुर्चीत, दिवसाला सहा फेऱ्या. तूर्त दवाखान्याकडून नर्सबाई मिळाल्या आहेत, पण त्यांची मुदत महिनाअखेरीला संपते. मग ती आजाऱ्यांना सांभाळणारी निवासी संस्था. मागल्या वर्षी मला ताप भरला तेव्हा तुमची ताई नऊ दिवस तिथे होती, आठवतं ना? नऊ दिवस भिंतीकडे तोंड करून पडली, जेमतेम चार घास पोटात गेले. फॉर्म आलाय, सही तेवढी व्हायची आहे. परवा तिने त्यांचं माहितीपत्रक आपणहून मागून घेतलं, बागेच्या चित्रावर बोट ठेवलं आणि छान म्हणाली. मला इतका राग आला! छान काय छान? मी तावातावाने बोललो, तर डाव्या गालाने हसली. असो, बघू काय होतं ते.

बाकी सगळं जिथल्या तिथे, कपाट सोडून. मोठ्यांना माझा नमस्कार सांगा, लहानांना वजनं उचलू देऊ नका.

तुमचा, सध्या उभ्या उभ्या दिवस काढणारा,
भाऊजी

ता. क. हा कागद वेगळा आहे. वरचं सगळं वाचून दाखवलं, दोनदा हसली, चमचा आला. हे मात्र तिला वाचून दाखवणार नाही. तिचा चष्मा सापडत नाही असं सांगितलंय. (माझ्या खिशात आहे.)

मेव्हणेबुवा, कपाटाने माझी कंबर गेली नाही. त्या सकाळी तिला पलंगावरून खुर्चीत घेताना कट् झालं. हातात ती होती आणि खाली फरशी. सोडली नाही. खोकल्याचं सोंग आणलं, तिला खुर्चीत बसवलं, खुर्ची खिडकीकडे वळवली, आणि मग तोंडात टॉवेल धरून ते कपाट बोट बोट ओढत पाऊण तासाने मधोमध आणलं. (पायाचं दुखणं त्यानेच वाढलं, असं मणकेबाई म्हणतात, तेव्हा कपाट अगदीच निर्दोष नाही.) दुसरं काय करणार? हे तिला उचलताना झालं असं कळलं तर ती त्याच दिवशी डाव्या हाताने फॉर्मवर सही करेल. तुम्ही ओळखता तिला.

खोक्याचंही खरं सांगतो. ते उचलताना मी एक हात खालून घातला, एक पाठीमागून, आणि मान डावीकडे वळवली. बाईंनी विचारलं, मान का वळवता? माझी हनुवटी तिच्या नाकाला लागू नये म्हणून दोन वर्षं वळवतोय, त्याचीच सवय. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, घरी कोण असतं? मी खोकं छातीशी धरून तिथेच रडलो.

तुम्ही दोन वर्षांत आला नाहीत. ताईला तशी बघवत नाही, असं फोनवर म्हणाला होतात. मलाही बघवत नाही, मी रोज बघतो. तुम्ही गोदामात पोती उचलता. रजा काढून दोन महिने या. तिचं वजन सत्तेचाळीस किलो आहे, मी सांगतोय म्हणजे ते बरोबरच आहे. पाठ सांभाळून कसं उचलायचं ते मणकेबाई तुम्हाला शिकवतील, मी विचारून ठेवलंय. ती संस्थेत गेली तर परत येणार नाही हो. तिला सांगा, कपाट जागेवर सरकवायला आलोय.

ता. क. (डाव्या हाताने)

छोट्या, जवळ धरलं की चष्मा लागत नाही.

कट् झालं ते माझ्या कानाशीच. कपाट ओढताना हे खिडकीच्या काचेत दिसत होते.

बाग छान नाही. मला जायचं नाही. तसं म्हटलं तर हे परत उचलतील.

तुझा पाय मोडला तेव्हा चार महिने तुला पाठीवरून शाळेत नेलं. जड होतास.

ये.

मी सत्तेचाळीस नाही, बेचाळीस. नर्सबाईंनी काल वजन केलं. ह्यांना सांगू नकोस. वजन चुकलं म्हणून मनाला लावून घेतील.