कृत्तिकांचा फोटो

आत-बाशी, गुरुवार दुपार

प्रिय केंजे,

तू पाठवलेलं पार्सल मी दारातच घ्यायला नको होतं. आल्या गाडीनं परत बिश्केकला पाठवून द्यायला हवं होतं, हे मला आता कळतंय. तू आपली चांगल्या मनानं तुमच्या स्टुडिओतला जुना कॅमेरा भावाला पाठवलास. बाबांची पेटीतली रशियन लेन्स त्याला बसावी म्हणून मधली चकतीही आठवणीनं घातलीस आणि तिकडे मोकळी झालीस. इकडे माझ्या घराची काय दशा झालीये ते तुला कोण सांगणार? तुझे दादा गोठ्यात जाऊन तुला चोरून फोन करतात, पण ते फक्त स्वतःच्या अडचणी सांगतात, माझ्या नाही. आत्ता ते खालच्या आळीत कुणाची तरी गाय अडलीये तिकडे गेलेत, आई जेवून आडव्या झाल्यात, आणि कधी नव्हे ते टेबलावर एकही वायर नाहीये. तेवढ्यात लिहून घेते. आईंना आम्ही कॅमेरा बाजारात मिळाला असंच सांगितलंय. तुझं नाव या घरात मोठ्यानं निघत नाही, ते तुला माहीतच आहे.

हे सगळं सुरू झालं ते आईंच्या एका वाक्यावरून. जनावरं कुरणावरून खाली आली होती, पहिला बर्फ पडून गेला होता. संध्याकाळी आई अंगणात गेल्या, पूर्वेच्या डोंगराकडे बघत उभ्या राहिल्या आणि आत येऊन म्हणाल्या, "यंदा कृत्तिका उगवल्याच नाहीत." आम्ही हसलो. दादांनी त्यांना हाताला धरून परत बाहेर नेलं, बोट करून दाखवलं. डोंगराच्या वर हातभर अंतरावर पुंजका लखलखत होता. आईंनी आधी बोटाकडे बघितलं, मग वर बघितलं आणि म्हणाल्या, "ढग आहेत." आभाळ घासलेल्या परातीसारखं स्वच्छ होतं, केंजे. तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. कारण जवळचं त्यांना सगळं दिसतं. सुईत दोरा ओवतात, तांदळातला खडा टिपतात, माझ्या कणकेतला केस तर डोळे मिटूनही शोधतील. हाताच्या पलीकडे मात्र सगळं दूध सांडल्यासारखं. नारीन शहरातल्या डॉक्टरनं सांगितलं, मोतीबिंदू आहे, बिश्केकला जाऊन काढून टाका, साधी गोष्ट आहे. आई तिथल्या तिथे उठल्या. "बिश्केकमध्ये माझं कोण आहे?" म्हणाल्या. यावर मी आणि तुझ्या दादांनी काय बोलायचं ते तूच सांग. घरी परत येईपर्यंत आम्ही दोघं गाडीच्या काचेतून रस्ता बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी दादांनी जाहीर केलं, "आईला दूरचं दिसत नाही ना? मग मी दूरचं जवळ आणून देतो." म्हणजे कृत्तिकांचा फोटो काढायचा, मोठा छापायचा आणि त्यांच्या नाकासमोर धरायचा. ऐकायला किती गोड! मलाही वाटलं, दोन दिवसांचा खेळ असेल. अगं, तुझ्या भावाचे हात कसले आहेत तुला ठाऊक आहे. अडलेलं वासरू ओढून काढणारे हात ते. आणि बाबांची लेन्स पडली जुन्या काळची, तिला ना मोटर ना काही, पुढचं कडं आपल्या हातानं फिरवायचं, तेव्हा कुठे चित्र नीट दिसणार. कड्यावर आडवा आठ कोरलाय. दादा म्हणाले, ही अनंताची खूण, तारे अनंतावर, म्हणजे कडं इथे लावलं की झालं. लावलं. फोटो आला, बाजारातून लहानसा छापून आणला. आईंनी तो डोळ्यांशी धरला आणि विचारलं, "काळ्या चादरीवर कुरुत कुणी सांडलं?" खरंच तसंच दिसत होतं, वाळत घातलेल्या दह्याच्या गोळ्यांसारखे पांढरे गोल गोल गोळे.

मग तुला फोन झाला. तू सांगितलंस, त्या खुणेवर विश्वास ठेवू नका, जुन्या लेन्सचा खरा अनंत खुणेच्या थोडा अलीकडे असतो, ठळक तारा घ्या, कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो मोठा करा आणि लहानात लहान ठिपका होईपर्यंत कडं फिरवत राहा. बरोबर सांगितलंस ग. पण कुणाला सांगितलंस ते बघायचं होतंस. चष्मा लावला तर श्वासानं काच धुरकटते, काढला तर पडदा दिसत नाही. हातमोजे घातले तर कडं एकदम पाव फेरा फिरतं, काढले तर बोटं लाकडासारखी होतात. लेन्सवर दव गोठलं म्हणून त्यावर फुंकर मारली, तर त्याचा बर्फ झाला. तो पुसला माझ्या नव्या रुमालानं. थंडीत बॅटरी मरते, म्हणून ती सांभाळायची कुणी? मी! छातीशी बॅटरी धरून मी गाईचं दूध काढतेय, अशी माझी परिस्थिती. एकदा म्हणे अगदी बरोबर जमलं, म्हणून त्यांनी कडं जनावरांच्या जखमेच्या चिकटपट्टीनं बांधून टाकलं. दुसऱ्या संध्याकाळी थंडी वाढली, लेन्स आकसली, आणि पुन्हा कुरुत. पट्टी सोडवताना नखं माझी तुटली. शेजारचा शायिरबेक रोज कुंपणाशी येऊन तुझ्या दादांना विचारतो, "काय तेमिरकुल, चंद्रावर गाय विकायचीये का?" आणि आई आतून ओरडतात, "विकू दे, निदान एक तरी वस्तू कुठेतरी पोचेल!"

हसू नकोस. मला तेव्हा अजिबात हसू येत नव्हतं. स्वयंपाक गार होत होता, तुझे दादा रोज खोकत आत येत होते, आणि रोज आई फोटो डोळ्याला लावून, उलटसुलट करून, काही न बोलता खाली ठेवत होत्या. टोमणे मारत होत्या तोवर ठीक होतं. हे गप्प बसणं मला बघवेना. एक दिवस मी भांडी तशीच टाकली, शाल डोक्यावरून घेतली आणि अंगणात जाऊन म्हटलं, "सरका. पडद्यात मी बघते, कडं तुम्ही फिरवा. आणि मी सांगेन तेवढंच." त्यांनी जरा आढेवेढे घेतले, पण सरकले. आधी कृत्तिकांच्या शेजारच्या रोहिणीवर कॅमेरा लावला, कारण ती ठळक आहे आणि लालसर आहे, चुकायला नको. मी शालीच्या आत डोकं घातलं. पडद्यावर रोहिणी म्हणजे कापसाचा बोळा. "फिरवा," मी म्हटलं. बोळ्याचा मणी झाला. "फिरवा. फिरवा. थांबा! अहो, थांबा म्हटलं की थांबायचं!" "तू म्हणेपर्यंत ते पुढे गेलेलं असतं." "मग मागे या." "किती?" "केसभर." "माझ्या हातमोज्यात केस मावत नाही, गुलबारा." "मग काढा हातमोजा!" काढला. हात लागला की तारा उड्या मारायचा, म्हणून दर वेळी हात काढून तो शांत होईपर्यंत श्वास रोखून थांबायचं. मण्याची खसखस झाली, खसखशीचा ठिपका झाला, आणि पुन्हा फुगायला लागला. म्हणजे पुढे गेलो. मागे या. आता जास्त मागे आलात. आम्ही इतके भांडलो की शायिरबेक बाहेर आला, आमच्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच काही न बोलता आत गेला. पण एका क्षणी, केंजे, पडद्यावर टोचल्यासारखा बारीक ठिपका उभा राहिला. त्याच्या भोवती आणखी चार-पाच ठिपके होते, जे मला डोळ्यांनी कधीच दिसले नव्हते. मी ओरडायचं विसरले. दादा विचारत राहिले, "काय झालं? मागे येऊ?" मी म्हटलं, "हात लावलात तर बघा." मग त्यांनी हळूच, कडं न हलवता, कॅमेरा कृत्तिकांकडे वळवला.

फोटो आम्ही नारीनला पाठवून भिंतीवरच्या कॅलेंडरएवढा छापून घेतला. आईंनी तो मांडीवर घेतला आणि अगदी नाक टेकवून बघायला लागल्या. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, बोटानं एकेक. मला वाटलं होतं त्या खूश होतील, निदान चहा तरी माझ्या हातून कौतुकानं घेतील. कसलं काय! शेवटी म्हणाल्या, "माझी आई सांगायची, उत्तरेचे सप्तर्षी म्हणजे सात दरोडेखोर, ते कृत्तिकेची लेक पळवून घेऊन गेले, म्हणून या सहाच उरल्या. इथे तर सातवी आहे. अजूनही किती आहेत." मी म्हटलं, "आहेत ना." त्यांनी परत नाक टेकवलं. "म्हणजे कुणी पळवली नव्हती. आपल्याला दिसत नव्हती." आणि मग, मला चहाचा पेला मागतात त्याच आवाजात त्यांनी विचारलं, "केंजेला दिसत असतील का ग या तिथून?" तुझे दादा सरपण घेऊन दारात उभे होते. त्यांच्या हातातली लाकडं जमिनीवर पडली. मी कशीबशी म्हणाले की शहरात दिव्यांमुळे तारे दिसत नाहीत. "हं," म्हणाल्या, आणि फोटो गुंडाळून उशीखाली ठेवला.

तुझं नाव इतक्या वर्षांनी निघालं होतं आणि परत झाकून ठेवलं गेलं होतं. परवा मी पीठ मळत होते, तर मागून आवाज आला, "तो डॉक्टर कधी जायला सांगत होता?" मी म्हटलं, "कुठे?" "कुठे म्हणजे काय? बिश्केकला." मी मुद्दाम विचारलं, "राहायचं कुठे पण? तिथे आपलं कोण आहे?" केंजे, त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू त्यांची दृष्टी परत आली होती. "लेक राहते तिथे," म्हणाल्या, "ती काय रस्त्यावर राहते का?" आता बोल! इतकी वर्षं आम्ही नाव काढलं तर पानावरून उठणारी बाई! आणि आता मोजे विणायला बसल्यात, नातीसाठी. पोरगी केवढी झाली असेल याचा पत्ता नाही, म्हणून एक लहान जोड आणि एक मोठा. दादांनी माप तुला फोनवर विचारतो म्हटलं तर भडकल्या, "कुणी काही विचारायचं नाही!" विचारायचं नाही आणि जायचं मात्र आहे. या बाईपुढे मी हात टेकले.

म्हणून हे पत्र, आणि तेही त्यांना न सांगता, गाडीवाल्याच्या हाती. फोन केला असता, पण फोनवर तुला लगेच काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं, आणि लगेच दिलेलं उत्तर मला नको आहे. तू नवऱ्याचा मार सोसवेना म्हणून पोरीला कडेवर घेऊन या घरी आलीस आणि त्यांनी तुला "आपल्या घरी परत जा" म्हणून उंबऱ्यावरूनच पाठवलं, ते मी विसरलेले नाही, तर तू कशी विसरशील? त्या माफी मागणार नाहीत. तुझ्या चहाला नावं ठेवतील, तुझ्या पडद्यांना ठेवतील, घोरतील तर अशा की भिंत हलेल. तुला जमणार नसेल तर फक्त मला कळव. मी दवाखान्याजवळ भाड्याची खोली बघेन आणि त्यांना काय सांगायचं ते माझं मी बघेन, तुझ्यावर काही येणार नाही. पण काल रात्री दिवा मालवताना त्यांनी मला हाक मारली. मला वाटलं पाणी हवं असेल. म्हणाल्या, "शहरात जिन्यात दिवे नसतात म्हणे. मला तर पायरी दिसणार नाही. हात धरायला ती खाली येईल का ग?" मी म्हटलं, विचारते. म्हणून विचारतेय.

तुझीच वहिनी,
गुलबारा