संग्रामचा पासवर्ड

ईडन प्रेरी, अमेरिका, २० ऑगस्ट २००६

तीर्थरूप आईस मोरेश्वरचा साष्टांग नमस्कार.

इकडे सगळं ठीक. तुझा गुडघा काय म्हणतो?

घरातला रेडिओ मी चार वर्षांपूर्वीच इंटरनेटला जोडलाय. पासवर्ड असला की जगात कुठूनही या रेडिओचं स्टेशन फिरवून ऐकता येतं. तो ठाऊक फक्त मला आणि तुझ्या धाकट्याला, संग्रामला. त्याला बेपत्ता होऊन तीन वर्षं झाली.

आठवडाभर रोज सकाळी रेडिओ आपोआप फिरतोय. स्टेशनच्या जरा पुढे जातो, मग हळूच मागे येतो, अगदी संग्राम फिरवायचा तसा. दीपा म्हणते, "अहो, बिघडलाय तो." पण माझे कान तुला माहीत आहेत. काल मी मुद्दाम स्टेशन बदललं. पलीकडून कुणीतरी ते परत आणलं.

नाना पितृपक्षात त्याचं श्राद्ध घालायचं म्हणतात ना? त्यांना थांबव.

तुझा,
मोरेश्वर