बोकडाशिवाय बोकडाचा वास

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार, पण दुरूनच (का ते पुढे येईलच). कंबर कशी आहे? मशीनवर वाकून बसणं कमी केलंस का? केलं नसणारच. आजारपणापासून कसलाच वास येत नाही, जेवण म्हणजे नुसता पुठ्ठा चघळणं झालंय, असं तू लिहिलंस आणि माझ्याच घशाखाली घास उतरेना. औषधाचा काही गुण आला का?

माझं छान चाललंय. म्हणजे तसं नाहीच.

आम्ही प्रयोगशाळेत जिवाणूंना कामाला लावतो, हे तुला माहीत आहे (तू गावभर ‘ती जंतू पाळते’ म्हणून सांगतेस, तेही मला कळलंय). साखर खाऊ घातली की ते पोटात स्निग्धाम्लं बनवतात, म्हणजे तेलातुपात असतात तसले धागे. धागा पुरेसा वाढला की एक एन्झाइम तो कापतं. या कात्रीला खिसा असतो. धाग्याचं टोक खिशाच्या तळाला टेकलं की कच्च! आम्हाला साबणाला चालेल असा मध्यम धागा हवा होता, म्हणून खिसा जरा उथळ करायचा होता. तू नाही का आतून टीप मारून शर्टाचा खिसा वर घेतेस, अगदी तसंच. फक्त इथे टीप म्हणजे एन्झाइमच्या खिशाच्या तळातला बारीक तुकडा काढून तिथे जाडजूड तुकडा बसवायचा. मी एक टीप घातली. फरक दिसेना, म्हणून दुसरीकडे दुसरी घातली आणि (आता तू कपाळावर हात मारणार) पहिली उसवायलाच विसरले. धागे निघाले आखूड. आणि या आखूड धाग्यांना, आत्या, बोकडाचा वास येतो. भिजलेल्या बोकडाचा!

केसांत तोच, कपड्यांत तोच. बसमध्ये माझ्या शेजारची जागा कायम रिकामी. आमच्या घरमालकीणबाई (नाकानं कांदे सोलणाऱ्या) ‘जनावर पाळायचं नाही’ या अटीवर खोली देतात. त्यांनी पलंगाखाली पाहिलं, कपाटात पाहिलं, शेवटी पाल्याची जुडी घेऊन ‘ये, ये’ करत गच्चीवर फिरून आल्या. बोकड सापडला नाही याचाच त्यांना जास्त राग आला. सापडला असता तर त्याला हाकलता आलं असतं. आता मलाच खोली सोडायला सांगितलीय.

नोकरीही जाणार म्हणून मी धास्तावले होते, तर आमच्या विभागप्रमुख बाई अहवाल बघून टुणकन उडाल्याच! हा आखूड धागा मिळवायला म्हणे लोकांच्या नाकी नऊ येतात. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली (हात लांब करून). आता तोच माल मोठ्या टाकीत काढायचाय, तोही माझ्याच देखरेखीखाली. चूक झाली तेव्हा डोक्यावरचं छप्पर गेलं. यश आलं आणि वास कायमचा झाला. काळजी करू नकोस, काहीतरी सोय होईल.

तुझी लाडकी (वाऱ्याच्या उलट बाजूला उभी राहणारी),
भाची

ता. क. शिवणाच्या खोलीतला दिवाण रिकामाच असतो ना? साऱ्या जगात मला घरात घेऊ शकेल असं माणूस सध्या तू एकटीच आहेस. रागावू नकोस गं. शनिवारी येते.

आणखी ता. क. दार तूच उघड. उघडल्याबरोबर तुझं नाक मुरडलं आणि ‘शी! हो बाहेर!’ म्हणून तू मला हाकललंस, तर मी पायरीवर बसून आनंदानं रडेन. दिवाण मग मेला नाही मिळाला तरी चालेल.