देव्हाऱ्यातल्या पुड्या

कामिसावा, २८ सप्टेंबर १९९१

चि. मिनाए हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल तुझा फोन आला तेव्हा मी नुसतंच हो-हो करत होते, त्याचा राग धरू नकोस. फोन आहे तुझ्या बाबांच्या उशाशी. तोकुजी बोलत नसला तरी त्याचे कान शाबूत आहेत, आणि त्याच्याबद्दल त्याच्याच देखत काय बोलायचं? म्हणून हे पत्र. चौऱ्याहत्तराव्या वर्षी आत्याला लेखणी धरायला लावलीस, आता अक्षर लागलं नाही तर चष्मा पूस.

जुलैतला झटका तसा सौम्य होता असं डॉक्टर म्हणतात. उजवा हात थोडा सुन्न, तोंड एका अंगाला किंचित ओढलेलं, एवढंच. पण तेव्हापासून त्याचा जीव कशातच नाही. भिंतीकडे तोंड करून पडून असतो. परसातली चाळीस पर्सिमनची झाडं फळांनी लगडली आहेत, आणि हा तिकडे ढुंकून बघत नाही. म्हणून डॉक्टरांनी आठवड्यापूर्वी नवी गोळी सुरू केली. ती मेंदूतला रक्तपुरवठा सुधारते आणि मनावरचं मळभही हटवते म्हणे. सकाळ-संध्याकाळच्या वेगवेगळ्या पुड्या, प्रत्येकीवर नाव आणि तारीख छापलेली. गुण यायला महिना-दीड महिना लागेल, घाई करू नका, असं त्यांनी बजावलं आहे.

मी पुडी आणि पाण्याचा पेला ताटलीत ठेवते आणि पाठ फिरवते. पाणी त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून ओघळतं, आणि मोठ्या बहिणीनं ते बघावं याची त्याला लाज वाटते. परत येते तर पुडी नाही, पेला रिकामा. शहाण्यासारखा घेतो बिचारा.

एक काम मात्र त्यानं सोडलेलं नाही. रोज सकाळी धडपडत उठून तुझ्या आईच्या स्मृतीच्या देव्हाऱ्यापुढे भाताची वाटी ठेवतो. मला हात लावू देत नाही. फुसाए गेल्यापासून चार वर्षं हे काम त्याचंच आहे, तेव्हा मीही मध्ये पडत नाही. तेवढ्यासाठी का होईना उठतो, हे काय थोडं आहे?

तुझी,
कियोआत्या


ओसाका, ३ नोव्हेंबर १९९१

ती. आत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

तुझी तिन्ही पत्रं पोचली. तिन्हींत शेजारच्या हिरोसेकाकूंच्या भांडणांच्या बातम्या भरभरून आहेत, आणि बाबांबद्दल मात्र ‘तसेच आहेत’ एवढंच. मी तुझीच भाची आहे, आत्या. एवढ्यावरून काय समजायचं ते समजते.

सहा आठवडे झाले. काल डॉक्टरांना फोन केला. तेही कोड्यात पडले आहेत. म्हणाले, अठरा तारखेला तपासू, फरक नसेल तर गोळ्या वाढवू किंवा बदलू. मला आता धीर धरवत नाही. यजमानांशी बोलले. अठराला काही सुधारणा दिसली नाही तर झाडं हिरोसेंना करायला द्यावीत आणि नव्या वर्षाच्या आधी बाबांना इकडे आणावं असं ठरवलं आहे. तिसऱ्या मजल्यावरचं घर आहे, झाड म्हणून गच्चीत एक कुंडी, हे मला कळतं. पण तिकडे ते असे विझत चालले असताना मी इकडे स्वस्थ कशी बसू? तू रागावशील, रागाव. पण उत्तर लवकर दे.

तुझी,
मिनाए


कामिसावा, १० नोव्हेंबर १९९१

चि. मिनाए हिस,
अनेक आशीर्वाद.

रागवायला मला तोंडच राहिलेलं नाही. सगळं सांगते, आधी बस.

काल सुकवायला पहिली फळं सोलली. वर्षातलं पहिलं फळ फुसाएपुढे ठेवायचं म्हणून तोकुजी झोपलेला बघून मीच देव्हाऱ्याशी गेले. उदबत्त्या संपल्या होत्या, नव्या घ्यायला खालचा खण उघडला. त्यात पुड्या! नाव छापलेल्या, तारखेनुसार लावलेल्या, फळं टांगायच्या दोरीनं दहा-दहाच्या जुड्या बांधलेल्या. पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या. एकही फोडलेली नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा! आपण गोळीला नावं ठेवत होतो, डॉक्टरांना कोड्यात पाडत होतो, आणि गोळी बिचारी त्याच्या पोटात गेलीच नव्हती. मी सभ्यपणानं पाठ फिरवत राहिले आणि हा तिथून सगळं देव्हाऱ्यात नेत राहिला. पेल्यातलं पाणीसुद्धा तिच्याच पाण्याच्या वाटीत ओतायचा.

त्याला उठवून जाब विचारला. मग जुलैनंतर पहिल्यांदा चार वाक्यं सलग बोलला. म्हणाला, की ही गोळी डोक्यात रक्त पोचवते असं डॉक्टर म्हणाले. फुसाएचं डोकं दुखत होतं तेव्हा ही नव्हती. तिनं सोलता सोलता कपाळ धरलं आणि मी म्हणालो, एवढी टोपली संपव, मग पड. टोपली संपली आणि ती गेली. तर पहिला हक्क तिचा, मी कसा घेऊ?

मिनाए, मी खूप रडले. मग डोळे पुसले आणि त्याला चांगलं खडसावलं. म्हटलं, अरे शहाण्या, सकाळचा भात तिच्यापुढे ठेवतोस, तो तिथंच कुजू देतोस का? उतरवून तूच खातोस ना? दाखवलेलं उतरवून खायचं असतं, नाहीतर ज्याला दाखवलं त्याचा अपमान. फुसाए जन्मात कधी तुला उपाशी ठेवून जेवली होती का? सात आठवडे ती बसली असेल तुझी वाट बघत!

मग त्यानं त्या दिवसाची पुडी तिच्यापुढे ठेवली, घंटा वाजवली, हात जोडले, पुडी उतरवली आणि घेतली. पाणी ओघळलं. मी बघत होते, त्यानंही बघू दिलं.

डॉक्टरांना लगेच कळवलं. ते म्हणाले, जुन्या पुड्या सगळ्या परत आणा, राहिल्या म्हणून एकदम देऊ नका, आणि आजपासून पहिला दिवस धरा. तेव्हा तूही कालपासूनच मोज. बाई, झाडं एवढ्यात कुणाला देऊ नकोस.

तुझी,
मूर्ख आत्या


ओसाका, १५ नोव्हेंबर १९९१

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मोरीत उभी राहून वाचलं, मुलांनी बघू नये म्हणून. झाडं कुणाला देत नाही. मोजणी तुझ्या तारखेपासून सुरू केली आहे.

आता माझंही ऐक. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, यजमानांनाही नाही. आई गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी तिचा फोन आला होता. डोकं ठणकतंय म्हणाली. धाकटा तापानं रडत होता, मी म्हटलं, आई, रविवारी बोलू. टोपलीचं मला तेव्हाच कळलं होतं. चार वर्षं मी तिच्यावरून मनातल्या मनात बाबांवर रागावत आले, कारण तो राग करणं सोपं होतं. म्हणून तर घरी येणं टाळत गेले. त्यांना सांग, ती टोपली त्यांच्या एकट्याची नव्हती. नाहीतर हे पत्रच त्यांच्या हातात दे.

तुझी,
मिनाए

ता. क. तू मूर्ख नाहीस. फक्त पाठ फिरवू नकोस.


कामिसावा, २३ डिसेंबर १९९१

चि. मिनाए हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

सोबत सुकवलेल्या फळांचं खोकं पाठवते आहे. डॉक्टर म्हणाले, सुधारणा दिसते, पण अजून बरीच वाट आहे. हिरोसेकाकू याचं श्रेय गोळीला देते, मी माझ्या ओरडण्याला देते, आणि तोकुजी आम्हा दोघींना गप्प बसायला सांगतो. तो सांगतो, हेच किती बरं वाटतं!

तुझं पत्र त्याला दिलं होतं. दोनदा वाचलं आणि देव्हाऱ्यात ठेवलं. दुसऱ्या सकाळी भाताबरोबर ते खाली उतरवलं, खिशात घातलं आणि पडवीत जाऊन बसला. टांगलेल्या फळांतलं एक हातात घेतलं आणि चोळू लागला. सुकताना एकेक फळ हातानं मऊ करावं लागतं, तुला ठाऊकच आहे. तेव्हापासून रोज दोन तास बसतो, मुद्दाम उजवा हात वापरतो, आणि माझी फळं फार दाबलेली आहेत असं वर ऐकवतो. खाली त्यानं स्वतः चार ओळी लिहिल्या आहेत. अक्षराला हसू नकोस.

लोभ आहे, थंडीत तो आखडू देऊ नकोस. नव्या वर्षाला मुलांना घेऊन ये.

तुझी,
कियोआत्या


चि. मिनाए,
आशीर्वाद.

रविवार झाला नाही, तो तुझा दोष नाही. खोक्यातली वरची रांग माझ्या उजव्या हाताची आहे, फळं वेडीवाकडी झाली आहेत. आईला दाखवून उतरवली आहेत. आता तू खा.

बाबा