मोहाआडची थाळी

कुरुडटोला, ता. गोंडपिपरी
६ मे २००७

ति. दादास रीताचा सा. न. वि. वि.

आभाळ कोरडं आहे, लाइट आहे, मग टीव्हीचं चित्र काऊन तुटते, असं बाबा मला रोज विचारतात. घरात पहिली बी.एस्सी. मी, म्हणून प्रश्न माझ्याच वाट्याला.

तू होळीला टीव्हीची थाळी बसवून गेलास तेव्हा चित्र स्वच्छ होतं. आता नुसते चौकोन, मग काळा पडदा. मी वायरची टोकं घासली, थाळी धुतली. काल बातम्या सांगणारा तोंड उघडं ठेवूनच थांबला. बाबा म्हणाले, याले पान्यात सोडा, नाई तं मरते बिच्चारा. माय हसली, पण बाबा हसले नाहीत.

एकट्यानं मोठं जाळं ओढताना पाय मोडला, तेव्हापासून ते चित्रच त्यांना खाटेवर धरून ठेवत होतं. परवा पडदा काळा झाला आणि ते काठी घेऊन थेट तलावाच्या पाळीवर! हाड जुळण्याआधी पाय टेकवला तर कायमचे लंगडे व्हाल, असं डॉक्टरांनी बजावलंय. मी बसते, उठते, दारात जाते. काठी लपवते, पुन्हा देते. वाचनात जीव लागत नाही.

फोन दुकानात, तिथे सारं गाव कान देतं, म्हणून पत्र. धुळीत खोकला सांभाळ, आणि माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
रीता

घुग्घुस
११ मे २००७

चि. रीताले धनराजचा आशीर्वाद.

बी.एस्सी. तू झाली आन् सिमेंटच्या पोत्यावाल्याले विचारून राह्यली! इथी थाळीवर बोटभर धूळ असते, तरी चालते. तुयी हालली असन. तोंड आग्नेयेलेच आहे का पाह्य.

बापूकाका बाबाले पाहाले आला का? आला नसनच. दोघं भाऊ मिळून जाळं ओढत तवा कोनाचा पाय मोडला नाई. तलावाच्या वाट्यावरून अबोला धरला, आन् हे झालं.

मायले नमस्कार. भावावर हसू नको, लोभ ठेव.

धनराज

कुरुडटोला
१६ मे २००७

ति. दादास सा. न.

उत्तर सापडलं. थाळीच्या मागे उभी राहून ती पाहते तिकडे पाहिलं, तर समोर अंगणातला मोह. होळीला तो उघडा होता. आता पानांनी गच्च भरलाय. वारा सुटला की चित्र क्षणभर येतं.

पण आजोबांनी अंगण आपल्याला दिलं आणि मोह काकांना. अंजनाकाकू यंदाही मायशी न बोलता फुलं वेचून गेली. आता त्याला फळं, म्हणजे टोळी, धरतेय, तिच्या बियांचं तेल काकू काढते. बाबा म्हणतात, फांदी तोड, पण त्याले विचारू नको. मला ते पटत नाही. मोहापलीकडे काकांच्या छपरावरून आभाळ मोकळं दिसतं, थाळी तिथे बसवता येईल. तुझं मत कळव, आणि काहीही लिहिलंस तरी प्रेम राहू दे.

रीता

घुग्घुस
२० मे २००७

चि. रीताले आशीर्वाद.

काकाच्या दारी जाऊ नको. बाबा जेवण सोडन. रविवारी मले सुट्टी आहे, कुऱ्हाड घेऊन येतो आन् फांदी पाडतो. तोवर गप राह्य. राग मानू नको.

धनराज

कुरुडटोला
२४ मे २००७

ति. दादास सा. न.

तुझं पत्र आलं तेव्हा सगळं होऊन गेलं होतं.

मी काकूकडे गेले. तिनं एवढंच विचारलं, की मोहाले हात लावान का. नाही म्हटल्यावर तिनं शिडी दाखवली. काका पाना शोधू लागले. गोंडपिपरीहून लांब वायर आणून मी मोहाखालून आपल्या घरात ओढली.

आता थाळी फिरवणारा काकांच्या छपरावर, चित्र पाहणारा आपल्या घरात. यानं सांगितल्याशिवाय त्याला कळणार नाही. टीव्हीजवळ मी थांबेन, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. काका वर चढले आणि मी मायला घेऊन मागच्या दारानं निघाले, थेट पाळीवर.

तिथवर ऐकू येत होतं. काका विचारत राहिले, की रीता, आलं का? मायनं माझा दंड घट्ट धरला होता. मग बाबा ओरडले, पोरगी कुठी गेली कोन जाने! मग, आलं. मग, गेलं ना बापू, मांगं घे, तुले हलक्या हातानं कधी जमलंच नाई. काका वरून म्हणाले, जाळ्याले झटके तूच मारत होता, भाऊ. माय घराकडे धावू पाहत होती. मी तिला हात धरून बसवलं.

थाळी तिथेच पक्की केली आहे. रविवारी ये. कुऱ्हाड आणू नकोस, आणि न विचारता केलं म्हणून लोभ आटू देऊ नकोस.

तुझी
रीता